खैरुनच्या आवाजाची कॅसेट

यानाचं दार सरकलं आणि पडदाभर काळंभोर आकाश पसरलं. जुन्या कॅसेटवर ज्या चांदण्या पांढऱ्या ठिपक्यांत बुडून जायच्या, त्या आता नव्या डिस्कवर एकेक वेचून घ्याव्यात इतक्या लख्ख दिसत होत्या. पण शेजारी बसलेली शाजिया चांदण्यांकडे बघतच नव्हती.

“अब्बू, अम्मी कब बोलेगी?”

जाफरनं आवाज वाढवला. यानातले तिघे इंग्रजीत बोलत राहिले. खैरुन कुठेच नव्हती.

अहेरीत जाफरचं शिंपीकाम. पूर्वी गल्लीतली पोरं हा परग्रहाचा सिनेमा बघायला त्याच्या घरी जमायची आणि त्याच्या बायकोला, खैरुनला, सारखी विचारायची, “काकी, तो काय म्हनते?” शेवटी खैरुनच्या भावानं व्हीसीआरला माईक जोडून दिला आणि तिनं सगळी गोष्ट पोरांच्याच बोलीत कॅसेटवर सांगितली. पुढच्या वर्षी ती तापानं गेली. शाजिया तेव्हा रांगत होती. तिला आई माहीत होती ती त्या कॅसेटमधलीच.

कॅसेट झिजत चालली होती. चंद्रपूरला प्रफुलच्या दुकानावर जाफरनं पाटी वाचली: ‘जुनी कॅसेट द्या, त्याच चित्रपटाची रीमास्टर्ड डीव्हीडी न्या.’

“चित्र साफ, आवाजबी साफ,” प्रफुल म्हणाला होता. “पन हे फिल्म नागपूरवरून येते. आठवडा लागन.”

जाफरनं कॅसेट देऊन टाकली. त्याला वाटलं, ती नागपूरला जाणार आणि रफू केलेल्या कोटासारखी दुरुस्त होऊन परत येणार.

डिस्क लावून पाहिली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहिल्याच बसनं बापलेक चंद्रपूरला पोचले. प्रफुल दुकानाचं शटर उघडत होता.

“जाफरभाई, डिस्क तर कंपनी आपल्या रिळावरून बनवते. तुमच्या कॅसेटचं काय काम तिथी?”

“मंग माही कॅसेट कुठी आहे?”

“जुना माल शूटिंगवाला भूपेश नेते. त्याच्यावरच लगनाची शूटिंग भरते.”

“कसा भरन? कोपऱ्यातला तुकडा तोडून ठेवला होता मी, कोनी भरू नये म्हनून!”

“चिकटपट्टी लावली का भरते, भाऊ.” मग त्यानं जाफरचा चेहरा पाहिला आणि एक कोरी कॅसेट त्याच्या हातात कोंबली. “मूल गावाले जा. आज मनसारामभाऊच्या पोरीचं लगन आहे. भूपेश तिथीच आहे.”

मूलच्या बसमध्ये शाजियाचे ओठ हलत होते. पाठ केलेला धडा मुलं मनात म्हणून पाहतात, तसे.

ते मांडवात शिरले तेव्हा अंतरपाट धरलेला होता. मंगलाष्टकं सुरू झाली होती. भूपेशच्या खांद्यावर भला मोठा कॅमेरा, पुढे लाल दिवा. जाफर गर्दीतून वाट काढत त्याच्याजवळ गेला. कॅमेऱ्याच्या झरोक्यातून आतली कॅसेट दिसत होती आणि तिच्या कडेला जाफरच्या शिलाई मशीनचा हिरवा रंग लागलेला होता. कॅसेट फिरत होती.

“भाऊ, बंद कर! माही कॅसेट आहे ते!”

“हटा ना, भाऊ! लगन लागून राह्यलं. हळदीपासून हेच चालू आहे.”

“नवी आनली आहे. हे घे, बदल.”

“आता? अक्षता पडतीन तेवढ्यात!”

नवरीचा बाप मनसाराम तरातरा आला. “कोन आहे रे? माह्या पोरीच्या लग्नात काय तमाशा लावला?”

शाजिया पुढे झाली.

“काका, त्याच्यात माही अम्मी आहे.”

“काय?”

“अम्मीचा आवाज आहे. अम्मी नाई आता. हे भरून राह्यले तसतशी ते पुसून राह्यली.”

मनसारामनं फिरणाऱ्या कॅसेटकडे पाहिलं, मग अंतरपाटाआड उभ्या आपल्या पोरीकडे, रोशनीकडे. भटजींनी शेवटचं कडवं उचललं होतं.

“महाराज, घाई नोका करू!” तो ओरडला. “शकुबाई, कुठी आहा? तुमचं कडवं म्हना!”

मांडवात हशा पिकला. शकुबाईंनी स्वतः रचलेलं कडवं गावभर बदनाम होतं. त्यात दोन्हीकडच्या सगळ्या आत्या-मावश्यांची नावं यायची. सकाळपासून त्यांना कोणी माईक देत नव्हतं. त्यांनी तो भटजींच्या हातून जवळजवळ ओढूनच घेतला.

“शकुबाई, आज लग्न लावता का उद्या?” नवरदेव पलीकडून म्हणाला.

लाल दिवा विझला. भूपेशनं खटकन कप्पा उघडला. शकुबाई तिसऱ्या मावशीपर्यंत पोचल्या तोवर कोरी कॅसेट आत गेली होती. जुनी जाफरच्या हातात आली. ती कोमट होती.

“पन त्याच्यात आमची हळद आहे,” मनसाराम म्हणाला. “तेवढी काढून घेतल्याबिगर कॅसेट जानार नाई. आन् जेवल्याबिगर तुमी जानार नाई.”

जेवणं झाल्यावर भूपेशनं दोन व्हीसीआर जोडले आणि हळदीपासूनचं सगळं दुसऱ्या कॅसेटवर उतरवून घेतलं. हळदीमागून नवरदेवाची वरात आली, मंगलाष्टकं सुरू झाली आणि मध्येच खैरुन बोलू लागली, “... घाबरू नोका रे पोराहो, दार उघडते आता.” अर्धी गोष्ट गेली होती. अर्धी होती. शाजियानं बापाचा हात घट्ट धरला.

रविवारी गल्लीतली पोरं जमली. जाफरनं आधी नवी डिस्क लावली. यान निघालं, चांदण्या लख्ख दिसल्या.

“काय म्हनते तो?” एकानं विचारलं.

“चूप बैस, सांगतो,” शाजिया म्हणाली, आणि पुसून गेलेली अर्धी गोष्ट आईच्याच शब्दांत सांगत सुटली. यान परग्रहावर टेकलं तेव्हा ती थांबली. जाफरनं डिस्क बंद करून कॅसेट व्हीसीआरमध्ये सरकवली.