मापट्यावरची शीग

सन एकतीसचा दसरा जवळ आला होता, पण शेलूबाजारात कुणाच्या चेहऱ्यावर तो दिसत नव्हता. कापसाला कुत्रं विचारत नव्हतं, जवारीला गिऱ्हाईक नव्हतं. अशात सरकारच्या तिजोरीत खडखडाट झाला म्हणून दिल्लीच्या साहेबांनी नवा जमाखर्च मांडला आणि घासलेट, मीठ असल्या गोष्टींवरचा कर वाढवला. गावातले बापूराव अकोल्याहून वर्तमानपत्र मागवत आणि बाजाराच्या दिवशी लिंबाच्या पारावर बसून ते मोठ्यानं वाचून दाखवत. त्यांनी ही बातमी वाचली तेव्हा लोक आधी हसले.

"घासलेट महाग झालं त लवकर झोपू," एक जण म्हणाला.

"अन् मिठाचं कसं करतं? लवकर जेवतं का?" दुसऱ्यानं विचारलं. मग मात्र कुणी हसलं नाही.

त्याच लिंबाखाली सुलतानबी मीठ विकायला बसायची. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात ती आणि सासू अमीनाबी, दोघीच. अमीनाबी थकली तेव्हा तिची बाजारातली जागा, तिचं गोणपाट आणि लाकडी मापटं सुनेकडं आलं. त्या मापट्याबरोबर एक रीतही आली. मापटं काठोकाठ भरलं की त्यावर आणखी मीठ रचायचं, कडेनं ओघळायला लागेपर्यंत. या वरच्या ढिगाला शीग म्हणतात. "मापटं गिऱ्हाइकाचं, शीग अल्लाची," असं अमीनाबी म्हणायची. बाजारात मीठवाले आणखीही होते, पण मानोऱ्याकडच्या तांड्यांवरची माणसंसुद्धा पायपीट करून सुलतानबीकडंच येत, ती या शिगेसाठी.

कारंज्याच्या व्यापाऱ्यानं गोणीचा वाढलेला भाव सांगितला तेव्हा सुलतानबी रडकुंडीला आली. वाढीव भावानं घ्यायचं आणि जुन्या भावानं विकायचं, तर थोड्याच दिवसांत आपल्यालाच अळणी खायची पाळी. भाव वाढवावा, तर गिऱ्हाईक नुसता ऐकूनच पुढं जाईल. बैलगाडीत गोणीवर बसून येताना वाटभर तिनं विचार केला आणि तिला युक्ती सुचली. भाव तोच ठेवायचा, फक्त शीग काढायची. लोकांना भाव खुपतो, शीग कोण बघत बसतो, असं तिला वाटलं. शहाणी माणसं चुकतात ती अशीच. सासूला मात्र तिनं यातलं काही सांगितलं नाही, म्हणजे मनात कुठंतरी खुट्ट वाजलं होतंच.

बाजाराच्या दिवशी पहिला आला हरिसिंग नाईक. एका तांड्याचा हा म्हातारा मुखिया. त्याच्या बापजाद्यांनी बैलांच्या पाठीवर लादून मीठ गावोगाव पोचवलेलं, त्यामुळं मिठातलं त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. साऱ्या तांड्याचं मीठ तोच नेई. त्यानं फडकं पसरलं. सुलतानबीनं मापटं भरलं. सवयीनं वर शीगही आली. मग तिनं तळहात मापट्याच्या काठावरून फिरवला, आणि शीग खाली तिच्याच ढिगात पडली.

"बी, हात काहून फिरवला?" हरिसिंगनं विचारलं.

"कर वाढला ना, नाईक. म्हून. भाव जुनाच ठेवला म्या."

"सरकारनं भाव वाढोला त तू भाव वाढोव. आमी सरकारले शिव्या देऊ. माप काहून कापतं?"

त्यानं आवाज चढवला नव्हता, तरी माणसं जमली. सुलतानबीच्या शेजारी गोजराबाई माळीण वांगी-मिरच्या मांडून बसली होती. लग्न होऊन आल्यापासून दोघी शेजारी बसत. एकीच्या मिरच्या दुसरीच्या घरात, दुसरीचं मीठ पहिलीच्या. सुलतानबीनं तिच्याकडं पाहिलं. ही तरी आपल्या बाजूनं बोलेल, असं तिला वाटलं. गोजराबाई बोलली खरी.

"खरं सांगू का, सुलतानबी? सरकारचा हात आमाले कवा दिसला नाई. तुया दिसला."

हरिसिंगनं फडकं झटकलं, त्याची घडी घातली आणि तो पलीकडच्या मीठवाल्याकडं गेला. त्या मीठवाल्यानं भाव वाढवला होता, तरी गेला. त्याच्यामागं बाकीचेही गेले. दिल्ली लांब होती, तिथला साहेब कुणी पाहिला नव्हता, आणि वर्तमानपत्र फाडून काही होणार नव्हतं. राग मात्र प्रत्येकाजवळ होता आणि तो काढायला सुलतानबी हाताशी बसली होती. सरकारच्या जुलमात ही आपलेही हात धुऊन घेते, असं कुणीतरी म्हणालं आणि चार जणांनी माना डोलावल्या. बाजार उठायच्या सुमारास गोजराबाईनंही मीठ पलीकडूनच आणलं. तिनं ते पदराखाली धरलं होतं, पण शेजारणीपासून काय लपतं. सुलतानबीला धंदा बुडाल्याचं दुःख होतं, पण हे त्याहून जास्त लागलं.

घरी आल्यावर अमीनाबीनं गोणी चाचपली. तिला आता नीट दिसत नसे, हातच डोळ्यांचं काम करत. "गोनी त भरलीच हाय. बाजार भरला नाई का आज?"

सुलतानबीनं मग सगळं सांगितलं आणि सांगता सांगता ती रडली. "अम्मा, म्या कोनाचं काय खाल्लं? भाव वाढोला असता तरी लोकायचं तेवढंच गेलं असतं ना?"

"तेवढंच गेलं असतं."

"मंग?"

म्हातारीनं गोणीवरचा हात उचलला. मग तिनं विचारलं, "शीग कुठी पडली?"

"कुठी म्हंजे? ढिगात."

"कोनाच्या ढिगात?"

सुलतानबीनं भरलेल्या गोणीकडं पाहिलं.

"बेटी, आपलं जाते त्याची मानसाले सवय असते. कोनाच्या घरात जाते ते दिसलं पायजे. सरकारनं नेलं ते तू आपल्या ढिगात टाकलं. मंग लोकायनं काय समजावं?" अमीनाबीनं कोपऱ्यातली पितळेची परात पुढं सरकवली. "शीग अल्लाची व्हती. आता ते सरकारनं नेली, त सरकारच्या परातीत टाक. आपल्यात नोको."

पुढच्या बाजाराला सुलतानबी परात शेजारी ठेवून बसली. दुपार कलली तरी कुणी फिरकलं नाही. बाजाराचा कायदा कुठं लिहिलेला नसतो, पण सगळ्यांना ठाऊक असतो: ज्याच्यापुढं गिऱ्हाईक नाही त्याची जागा शेजारचा हळूहळू खातो. आज असंच गेलं तर लिंबाखालची जागाही जाणार होती. सुलतानबी कधी ओरडून विकत नसे. तिला ते कमीपणाचं वाटे. आज तिनं लाज गुंडाळून ठेवली.

"भाव जुना. मापटं भरून. शीग सरकारची!"

हे काय नवीन, म्हणून एक बाई आली. सुलतानबीनं मापटं भरलं, शीग रचली, हात फिरवला आणि शीग परातीत लोटली. "हे सरकारचं," ती म्हणाली, आणि मापटं बाईच्या पदरात रिकामं केलं.

बाईनं परातीकडं पाहिलं. "एवढं?"

"एवढं."

बाईनं दुसरीला हाक मारली. दुसरीनं तिसरीला. हात तोच होता, फिरवणं तेच होतं, आणि पदरात पडणारं मीठही तेवढंच होतं. पण लोक घेत होते. परातीतला ढीग वाढत चालला तशी भोवती गर्दी झाली. कर म्हणजे काय हे बापूरावांनी वाचून दाखवलं होतं, पण ते एका कानातून शिरलं आणि दुसऱ्या कानातून गेलं होतं. आता तो कर पांढराशुभ्र पुढ्यात बसला होता. माणसं वाकून तो ढीग बघत आणि मागच्यांना बघायला वाट करून देत.

बापूरावांना हे कळलं तसे ते पारावरून उतरून आले. ढीग पाहून त्यांना भरून आलं आणि भरून आलं की ते भाषण करत. "हे सरकारचं मीठ!" ते म्हणाले. "याले कोनी हात लावू नोका. खाल्ल्या मिठाले जागावं लागते. जो हे खाईन तो सरकारचा चाकर होईन!" लोकांनी वाहवा केली. बापूराव समाधानानं घरी जेवायला गेले.

सुलतानबीनं मात्र परातीतल्या मिठाचा अंदाज घेतला. व्यापाऱ्यानं वाढीव भाव तिच्याकडून आधीच घेतला होता. परातीतलं मीठ विकलं गेलं तरच पुढची गोणी येणार होती. भाषण करणाऱ्याला गोणी आणावी लागत नाही, हे बापूरावांना कोण सांगणार?

उन्हं उतरली. गोणपाट रिकामं झालं आणि परात भरलेलीच राहिली. "हे घेतं का कोनी?" तिनं विचारलं. एका बाईनं पदर आवरला, दुसरी बोलता बोलता पलीकडं सरकली. हरिसिंग नाईक काठीवर भार देऊन मघापासून उभा होता. त्याच्या खांद्यावर फडक्याची घडी तशीच होती.

गोजराबाईनं आपल्या टोपल्या एकात एक घातल्या. मग ती उठली आणि सुलतानबीच्या समोर, गिऱ्हाइकाच्या बाजूला येऊन बसली. तिनं पदर पसरला.

"टाक."

"गोजरा, हे सरकारचं हाय. बापूराव म्हनले ना."

"बापूराव कवा मीठ आनाले येते का? त्यायची बायको येते." एवढं म्हणून गोजराबाई थांबली. पुढचं बोलायला तिला जड गेलं. "मांगच्या बाजारी मीच म्हनलं, का हात तुया दिसला. आज दिसभर तोच पाह्यत बसली. सरकार त इथी आलं नाई. ज्याच्या हातानं येते त्याचं मीठ असते, सुलतानबी. मी तुयं खाईन, अन् जागायचं त तुयाशी जागीन."

सुलतानबीला समोरचं नीट दिसेना. तिनं परातीतून मापटं भरलं, वर शीग रचली, आणि दिवसभराच्या सवयीनं तिचा तळहात काठाकडं गेला. गोजराबाई त्या हाताकडंच बघत होती. सुलतानबीनं हात मागं घेतला आणि शिगेसकट मापटं तिच्या पदरात ओतलं.

मागं हरिसिंगनं काठी लिंबाला टेकवली आणि खांद्यावरच्या फडक्याची घडी उलगडली.