दोन भुजांच्या मधले मेघ

नोव्हेंबर सरत आला की जपानमधल्या त्या पठारावर प्रत्येक घराचा एक अख्खा दिवस भाजी खारवण्यात जातो. लेट्यूसची शेतं तोवर रिकामी झालेली असतात, डोंगरमाथ्यावर बर्फ दिसायला लागतो, आणि नोझावाना या मोहरीच्या जातीच्या भाजीचा पाला पहिल्या हिमाच्या माऱ्यानं मऊ पडतो. फुसाएच्या अंगणात त्या शनिवारी सकाळपासून जुड्यांची रास पडली होती. पाणी इतकं गार, की बोटं आपलीच आहेत का याची खात्री करावी लागत होती. फुसाए पाला धूत होती आणि तिचा नवरा हिदेत्सुगु पिंपात थर लावून वर मीठ पेरत होता. तेही तराजूवर तोलून.

"अहो, मीठ टाकताय की औषध देताय?"

"तीन टक्के म्हणालीस ना? तीनच पडलं पाहिजे."

"माझ्या आईनं जन्मात कधी तोललं नाही."

"म्हणून तर दर वर्षी चव वेगळी लागायची," हिदेत्सुगु म्हणाला आणि चिमूटभर मीठ परत काढून ठेवलं.

हिदेत्सुगु या घरचा घरजावई. उत्तरेकडच्या एका बंदराच्या गावातून तो डॉक्टरेट घेऊन पठारावरच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीवर आला, तेव्हा तीस वर्षांचा होता. फुसाए चोविसाची. गावातलीच, शाळा संपवून दुर्बीण चालवायच्या नोकरीला लागलेली. फुसाएच्या घरच्यांना, ताकामिझावांना, मुलगा नव्हता, म्हणून लग्नात त्यानं बायकोचं आडनाव घेतलं. "आकाशातला डॉक्टर शेवटी लेट्यूसच्या वाफ्यात पडला," असं गावकरी म्हणायचे. तो ऐकून हसायचा आणि पहाटे सासऱ्याबरोबर वाफ्यात जायचा. निवृत्त झाल्यावरही तो क्रम मोडला नव्हता.

त्याचं नाव झालं होतं ते मेघांमुळे. आपल्या शेजारच्या ज्या दीर्घिकांमध्ये अजून तारे जन्मतात, त्यांत थंडगार वायूचे प्रचंड मेघ असतात आणि त्यांच्याच पोटी तारे होतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत. त्यांतले रेणू अतिशय क्षीण रेडिओ लहरी सोडतात, त्या पकडून त्यांचा नकाशा काढावा लागतो. अशाच एका सर्पिल दीर्घिकेचा नकाशा हिदेत्सुगुनं काढला होता. तिला ते दोघं घरात 'गोगलगाय' म्हणत. त्या नकाशात दीर्घिकेच्या भुजांवर तर मेघ होतेच, पण दोन भुजांच्या मधल्या ओसाड पट्ट्यातही होते. एका भुजेतून दुसरीत पोचायला दहा कोटी वर्षं लागतात. म्हणजे मेघ एवढा प्रवास करूनही टिकतात, चिरंजीव असतात, असं त्यानं मांडलं आणि पुढे अडतीस वर्षं ते छातीठोकपणे सांगितलं. नकाशा चौकटीत घालून बैठकीत लावलेला होता.

दुपारच्या गाडीनं उत्सुमी नाओ आली. ही त्याची शेवटची विद्यार्थिनी, आता चौतीस वर्षांची आणि स्वतः शिकवणारी. फक्त "सरांना भेटायचंय" एवढाच फोन तिनं केला होता. शहरी कोट घालून ती स्टेशनावरून चालत आली, आणि फुसाएनं तिच्या हातात रबरी हातमोजे ठेवले.

"बोलणं नंतर. आधी या जुड्या संपव."

नाओ निमूटपणे कामाला बसली. थोड्या वेळानं फुसाएच्या लक्षात आलं की पोरगी एकच पान तिसऱ्यांदा धुतेय.

"काय गं, लग्नबिग्न ठरवलंस का?"

"नाही काकू. त्याहून अवघड आहे."

"मग सांगून टाक. पानाचा रंग जाईल."

"जेवण झाल्यावर सांगते. सर उपाशीपोटी जास्त चिडतात."

"भरल्या पोटी जास्त वेळ चिडतात," फुसाए म्हणाली.

पिंप भरलं, झाकणावर दगड चढवले, आणि तिघं बैठकीतल्या पांघरूण लावलेल्या गरम मेजाखाली पाय घालून बसले. वांग्याचं सारण भरून भाजलेल्या कचोरीसारख्या ओयाकी होत्या, मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं, कढत सार होतं. हिदेत्सुगुनं तिसरी ओयाकी उचलली तेव्हा नाओनं धीर केला.

"सर, चिलीच्या डोंगरावरच्या दुर्बिणींनी मी पंधरा दीर्घिका तपासल्या. मेघ चिरंजीव नसतात. भुजेतच जन्मतात आणि भुजेतच मरतात. आयुष्य दोन-तीन कोटी वर्षं, फार तर."

हिदेत्सुगुनं ओयाकी खाली ठेवली नाही. शांतपणे चावत विचारलं, "गोगलगाय?"

"तीच अडलीये. माझ्या नकाशात मधला पट्टा रिकामा येतो आणि तुमच्यात मेघ आहेत. माझ्या निबंधाचे परीक्षक म्हणतात, चिलीतल्या दुर्बिणी लहान लहान आहेत, पसरलेला मंद वायू त्यांच्या हातून निसटत असेल. जुन्या दुर्बिणीच्या मोठ्या थाळीच्या हातून तो निसटत नाही. तेव्हा ताकामिझावांचा नकाशाच खरा धरावा."

"परीक्षकाला अक्कल आहे," हिदेत्सुगु म्हणाला आणि त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "माझा चुकला असेल तर कुठे चुकला ते दाखव."

"म्हणूनच आलेय. हे मेघ ज्या पूर्वेकडच्या तुकड्यात आहेत, तो सगळा तुम्ही एकाच सकाळी मोजलाय. जानेवारीची सतरा तारीख. वेधशाळेतली त्या दिवसाची वही मी शोधून काढली. वाऱ्याचा रकाना कोरा आहे. वारा लिहिणाऱ्या यंत्रातला कागद संपला होता म्हणे. सर, तुम्हाला काही आठवतं?"

"अडतीस वर्षांपूर्वीचा वारा?" हिदेत्सुगु म्हणाला. "छे."

फुसाए चहा टाकायला उठली.

चुलीपाशी ती किटलीकडे बघत उभी राहिली. तिला आठवत होतं. यंत्रातला कागद संपला होता, पण काटा चालू होता, आणि काट्याकडे तीच बघत होती. वारा वाढला की पंचेचाळीस मीटरची ती थाळी किंचित ढळते, नेम चुकतो. म्हणून मधून मधून रेडिओ लहरी सोडणाऱ्या एखाद्या ओळखीच्या ताऱ्याकडे वळवून नेम तपासायचा असतो. त्या सकाळी तपासला तर नेम ढळलेला होता. तिनं सांगितलं होतं. हिदेत्सुगु तेव्हा कागदावर उमटणाऱ्या रेषांवर अक्षरशः ओणवा झाला होता, कारण जिथे कुणाला काही सापडलं नव्हतं तिथे त्याला मेघ दिसत होते. "फुसाएसान, वारा तुमच्या खात्यातला, मेघ माझ्या," असं तो तेव्हाच्या आदबीनं 'सान' लावून हसत म्हणाला होता. आणि तिला तो हसला तेच जास्त लक्षात राहिलं होतं.

पुढे नकाशा गाजला, त्याला कायमची नोकरी मिळाली, लग्न झालं. तिनं तो विषय पुन्हा काढला नाही. काढायला हवा होता, असं तिला किती तरी वेळा वाटलं होतं, विशेषतः चौकटीवरची धूळ पुसताना. आत्ताही ती गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. पण ती पोरगी एकच पान तीन-तीनदा धुते आहे, आणि खरं काय ते आपल्या कोठारात पडलं आहे, हे तिला काही बरं वाटेना.

किटली बाजूला ठेवून ती मागच्या दारानं कोठारात गेली. नोरीच्या, म्हणजे खायच्या समुद्री शेवाळाच्या, एका पत्र्याच्या डब्यात तिच्या जुन्या खिशातल्या डायऱ्या होत्या, शेतकरी संघ दर वर्षी फुकट वाटतो त्या. तिच्या वडिलांना वाऱ्याचं फार कौतुक. वाफ्यांवरचं प्लास्टिक उडेल का, हिम पडेल का, म्हणून ते लेकीकडून रोज वेधशाळेतला वारा मागवत. ती दर तासाला लिहून आणायची.

परत येऊन तिनं डायरी उघडून मेजावर ठेवली आणि आपली जागा घेतली. चहा करायचा राहूनच गेला.

नाओनं मोठ्यानं वाचलं. "सतरा. सकाळी नऊ, वारा चार. दहाला नऊ. अकराला अकरा मीटर. नेम ढळला, पूर्वेला नऊ विकला. सांगितलं. ऐकलं नाही." ती थांबली. पुढची ओळ बारीक अक्षरात होती. "त्यांचे मोजे जुने आहेत, डाव्या पायाला भोक."

"ते वाचायचं नव्हतं," फुसाए म्हणाली.

नऊ विकला म्हणजे अंशाचा किती किरकोळ तुकडा! पण गोगलगायीच्या अंतरावर तेवढ्यात हजार-बाराशे प्रकाशवर्षांचं अंतर पडतं. नाओनं लॅपटॉप उघडला. तिच्याकडे जुन्या नकाशाचे आकडे होते. पूर्वेकडचा तेवढाच तुकडा तिनं नऊ विकला पूर्वेला सरकवला. पडद्यावर मधल्या पट्ट्यातले ठिपके हलले आणि एकेक करून भुजेवर जाऊन बसले. अगदी नेमके. पट्टा रिकामा झाला.

हिदेत्सुगुनं चष्मा काढला, पुसला, पण परत घातला नाही. मग उठला आणि बाहेर गेला.

"काकू, मी यायलाच नको होतं," नाओ म्हणाली.

"गप्प बस. चहा कर. डबा वरच्या फळीवर आहे."

फुसाए बाहेर आली. तो पिंपापाशी उभा राहून वरचे दगड उगाचच सारखे करत होता.

"चिडलात?"

"तुझ्यावर? कशाला?" त्यानं एक दगड उचलला आणि होता तिथेच ठेवला. "तू सांगितलं होतंस, फुसाए. मला आठवतं."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. "आत तर छे म्हणालात."

"पोरीसमोर धीर झाला नाही. मी नंतर किती दीर्घिका मोजल्या? बावीस. गोगलगायीकडे पुन्हा कधी दुर्बीण वळवली?"

"कधीच नाही."

"तुझ्या लक्षात आलं होतं?"

"दुर्बीण कोण चालवत होतं?"

त्याला हसू फुटलं. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले. "म्हणजे तुलाही माहीत, मलाही माहीत, आणि मध्ये अडतीस वर्षं."

"मला वाटलं, तुम्हाला लागेल."

"मला वाटलं, तू विसरलीस. विचारलं तर आठवेल." त्यानं तिचे हात हातात घेतले. दिवसभर गार पाण्यात असल्यानं ते लालबुंद झाले होते. "अगं, मला वाटत होतं की छातीवरचा दगड निघाला तर मी कोसळेन. हलकं वाटतंय की! भूक लागलीये मला."

"तीन ओयाकी खाल्ल्यात."

"त्या जुन्या सिद्धांताच्या नावानं खाल्ल्या."

तो आत आला तो तरातरा नाओसमोर जाऊन बसला. नाओ माफी मागायला तोंड उघडत होती, तोवर त्यानं कागद पुढे ओढला.

"बरं, दोन कोटी वर्षांत मरतात. मारतं कोण? तारे फुटून?"

"नाही सर! तीच तर गंमत आहे. फुटायच्या आधीच. नवजात ताऱ्यांचा प्रकाश आणि त्यांचा झोतच मेघाला उधळून लावतो. पोटच्या पोरांकडूनच मरण."

"आणि उधळलेला वायू? तो जातो कुठे?"

"तेच मला नीट कळत नाहीये."

"अरे वा, म्हणजे काहीतरी शिल्लक ठेवलंस माझ्यासाठी," हिदेत्सुगु म्हणाला. दोघं असे भांडायला लागले की नाओनं केलेला चहा फुसाएला दोनदा गरम करावा लागला. एकदा तर नाओ "सर, हे साफ चूक आहे!" असं ओरडली आणि स्वतःच दचकली. तो मात्र खूश होऊन नवीन कागद शोधू लागला.

जायच्या आधी नाओ म्हणाली, "शोधनिबंधात काकूंचे आभार मानते."

"आभार?" हिदेत्सुगुनं मान वर केली. "मोजमाप तिचं आहे. आभार शेजाऱ्याचे मानतात. लेखकांत नाव घाल. आणि माझं घालणार असशील तर तिच्यानंतर."

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही," फुसाए म्हणाली.

"वारा कळतो. मला कळला नव्हता."

मार्चमध्ये निबंध स्वीकारल्याचं पत्र आलं. चौथं नाव ताकामिझावा फुसाए, पाचवं ताकामिझावा हिदेत्सुगु. भिंतीवरचा नकाशा काढावा, असं फुसाएनं सुचवलं. हिदेत्सुगुनं तो काढला नाही. चौकट उघडून त्यानं पूर्वेकडचा तुकडा कात्रीनं कापला, मापानं सरकवून पुन्हा चिकटवला आणि कोपऱ्यात तारीख घातली. काम जरा वाकडंच झालं होतं.

शेतकरी संघातल्या बायकांना बातमी कुठून कळली देव जाणे. रोपं घ्यायला गेल्यावर खिडकीपलीकडची बाई म्हणाली, "फुसाएसान, तुम्ही म्हणे दीर्घिकेत काहीतरी शोधलंत?"

"शोधलं नाही," फुसाए म्हणाली, "होतं तिथे ठेवलं." आणि लेट्यूसच्या रोपांचे बारा ट्रे एकेक करून गाडीत चढवायला लागली.