उंट बोलायला लागला

हंसाबाईंनी डबा चक्कीच्या ओट्यावर आपटला, झाकण काढलं आणि आतलं पीठ चिमटीत धरून बबनरावांच्या नाकासमोर नेलं. "भरडा सांगितला होता, बबनभाऊ. जावई आले होते. वडे करायले घेतले अन् भजे झाले."

बबनराव प्रसन्न हसले. "हो हो," ते म्हणाले, "घेऊन जा. झालं हाय."

चहा घेऊन आलेली त्यांची सून रुपाली दारातच थबकली. हंसाबाईंनी एकदा बबनरावांकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि त्यांचा राग बघता बघता कीव होऊन गेला. त्या चार शब्द बोलल्या असत्या तर रुपालीला बरं वाटलं असतं. पण त्यांनी डब्याला झाकण लावलं आणि जाता जाता तिच्या कानाशी विचारलं, "कधीपासून असं हाय वं?"

कधीपासून, तर सासूबाई शकुबाई गेल्या उन्हाळ्यात वारल्या तेव्हापासून. आधी सगळ्यांना वाटलं, दुःख आहे, निवळेल. मग रुपाली सासऱ्यांना म्हणाली, मामाजी, दूध उतू चाललं, गॅस बंद करा. तर ते म्हणाले, सांगितलं मी त्याले, उद्या येते. तिचा नवरा अमर कुठे गेला विचारलं, तर दोनच पोळ्या खाल्ल्या म्हणाले. आणि प्रत्येक वेळी ते हसणं. रुपालीच्या माहेरी, मारेगावला, तिच्या मोठ्या बाबांचं, म्हणजे थोरल्या काकांचं, असंच सुरू झालं होतं. तेही आधी नुसते हसायचे आणि हो हो म्हणायचे. मग एका सकाळी पिशवी घेऊन निघाले आणि वणीच्या रस्त्यावर ट्रकवाल्यांना आपल्या आईचं घर विचारत सापडले. त्यांची आई जाऊन तेव्हा एक पिढी लोटली होती.

म्हणून रुपाली मामाजींची एकेक खूण मनात मांडत होती, आणि त्यातली सगळ्यात मोठी खूण होती उंट्या.

'उंट्या आणि कंपनी' नावाचं ते कार्टून कोणत्या मुलखात बनलं होतं, देव जाणे. चॅनेलवाले ते भर दुपारी लावत, म्हणजे मुलं शाळेत आणि बाया आडव्या झालेल्या असताना. रुपालीच्या मुलीची, सुरभीची शाळा सकाळची, म्हणून ते तिला सापडलं. तिच्या वर्गात कोणाला त्याचं नावही माहीत नव्हतं. सांगायला गेली तर पोरींनी विचारलं, त्यात मारामारी आहे का, जादू आहे का. यातलं काहीच नव्हतं. एक उंट दुरुस्तीचं दुकान चालवतो. छत्री येवो, घड्याळ येवो, आगीचा बंब येवो, तो ती वस्तू होती त्याहून बिघडवून देतो. कपाटावर एक कोंबडी बसलेली असते, ती मालकीण. ती काही करत नाही. सगळं कोसळलं की हळूच मान वळवून पाहते. कोणी एक शब्द बोलत नाही. नुसतं धाड, खळ्ळ, आणि मध्येच एखादी पिपाणी.

चक्की दुपारी बंद ठेवून बबनराव जेवायला घरी येत आणि नातीशेजारी बसून हे बघत. कोंबडीनं मान वळवली की त्यांच्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत. रात्री जेवताना आजोबा-नातीची चर्चा चाले, ती अगदी परीक्षकांसारखी. उंट्या पडायच्या आधी क्षणभर थांबतो आणि सरळ आपल्याकडे बघतो, हे बबनरावांना फार पसंत होतं. "पडनं कोनालेही येते," ते म्हणत, "थांबता आलं पाह्यजे." पण डोळे झाकून कौतुक करणाऱ्यांतले ते नव्हते. शेजारचा ससा त्यांच्या मते फुकटचा होता. तो आला की पळापळ सुरू होते आणि गोष्ट लांबते. यंत्रांचे पट्टे चित्र काढणाऱ्यानं कधीच नीट बसवले नाहीत. आणि रोज संध्याकाळी दुकान कोसळतं ते सकाळी उभं कसं असतं? बांधतं कोण? सुरभी म्हणायची, कोंबडी बांधत असेल. बबनराव विचार करून म्हणायचे, असंल, तिचं तोंड थकल्यासारखं दिसते खरं.

हे सगळं ते सुरभीच्या तोंडाकडे बघत बोलत. तिचा आवाज वर्गात पाढे म्हणणारा, खणखणीत. रुपालीला एवढंच दिसे की सत्तरीचा माणूस एका उंटापायी रडेपर्यंत हसतो आणि घरच्या माणसांना भलतीच उत्तरं देतो.

अमरलाही तेच दिसे. तो एसटीत कंडक्टर. दिवसभर माणसं मोजून आलेला माणूस दारात उभा राहून बापाचं हसणं ऐके आणि बूट काढायचं विसरे. हंसाबाईंच्या भरड्याची गोष्ट कळली त्या रात्री त्याने नवं कुलूप आणून टेबलावर ठेवलं. यवतमाळच्या डोक्याच्या डॉक्टरची वेळ घेतली आहे म्हणाला, आणि तोवर सोमवारपासून चक्की बंद. "पट्टा फिरते तिथं. एखाद्या वेळी हात गेला म्हंजे? मंग काय करशीन?"

पण चक्कीवाचून मामाजी कसे दिसतील, हे रुपालीला डोळ्यांसमोर आणता येईना. पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवयांशिवाय तिने त्यांना लग्नात तेवढं पाहिलं होतं.

आणि मग उंट्या बोलायला लागला.

कोणी बघत नाही म्हणून चॅनेलनं बिचाऱ्याला आवाज दिला असावा. आठवडाभर जाहिरात चालली होती: नव्या रूपात, नव्या आवाजात. सुरभी शाळेतून पळत आली. रुपाली तिथेच खाली बसून तूर निवडत होती. उंट्या बोलू लागला तो थांबेचना. पडायच्या आधी म्हणे, अरे बापरे, आता मी पडणार वाटतं. पडल्यावर म्हणे, पाहिलंत ना, पडलो. तो जिथे थांबायचा, तिथे आता बडबड होती. ससा गाणं म्हणू लागला. एवढंच नाही, तर शेवटी कोंबडीसुद्धा बोलली. मान वळवून म्हणाली, "कमाल आहे बाई तुझी." सुरभीचं तोंड पडलं.

बबनराव एकदाही हसले नाहीत. पुढे झुकून, डोळे बारीक करून बघत होते. मग त्यांनी नातीला विचारलं, "काय वं सुरभी, हा उंट आज रवंथ काहून करून राह्यला?"

सुरभी खिदळली. "आबाजी, बोलून राह्यला तो."

ती टीव्हीकडे तोंड करून बोलली होती. बबनराव तिच्या पाठमोऱ्या वेण्यांकडे बघून प्रसन्न हसले. "हो हो," म्हणाले.

रुपालीचा तुरीतला हात थांबला. हंसाबाईंना मिळालं होतं ते हेच हसणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डबा घेऊन चक्कीवर गेली आणि कोपऱ्यात पोत्यावर बसली. लग्न होऊन आली तेव्हापासून ती ही चक्की बघत होती, पण आज जणू टीव्हीसारखी बघितली. यंत्र धडधडत होतं, त्यात कोणाचंच बोलणं कोणाला ऐकू येत नव्हतं, आणि कोणाला त्याची गरजही नव्हती. बाया आत येत, डबा ठेवत आणि हात दाखवत. अंगठा-बोटाची चिमूट चोळली की बारीक. मूठ वळून हलवली की भरड. बबनरावांनी तळहात पालथा केला की लाईन, म्हणजे वीज गेली, नंतर या. या दारव्हा गावातल्या लेकीबाळी ही भाषा फ्रॉकच्या वयात शिकतात. बबनराव मान हलवत, दळत, डबा पुढे सरकवत. एक चूक नाही.

मग लाईन गेली. यंत्र घरघरत थांबलं आणि चक्कीत ती विचित्र शांतता आली, जिच्यात माणसं माणसांसारखी बोलू लागतात. एक बाई आली, हातातल्या पिशवीकडे बघत हळू आवाजात म्हणाली, दोन्ही दळणं वेगळी ठेवा, एक उपासाचं आहे. बबनराव हसले. हो हो.

रुपालीनं त्या बाईला पुन्हा नीट विचारून पिशव्यांना खूण केली. म्हणजे हंसाबाईही लाईन नसतानाच भरडा सांगून गेल्या होत्या तर. ती उठली, मामाजींच्या अगदी पाठीमागे जाऊन उभी राहिली आणि साध्या आवाजात म्हणाली, "मामाजी, तुमचा लेक सोमवारपासून चक्की बंद करते म्हनते."

बबनराव चाळणी झटकत राहिले.

रुपालीला रडू यायला हवं होतं, पण आलं ते हसू. ती फिरून त्यांच्यासमोर गेली. आपल्या कानाला बोट लावलं आणि तळहात पालथा केला. लाईन गेली का?

बबनराव तिच्या हाताकडे बघत राहिले. मग हळूच पोत्यावर बसले.

"आवाज येते वं. शब्द नाई येत. लोकं तोंड हालवतेत अन् मले काही समजत नाई. म्हनलं, झालं, आपलं बी मारेगावच्या मोठ्या बाबासारखं सुरू झालं. कोनाले सांगावं? हो हो म्हनत गेलो."

"कान हाय ते, मामाजी," रुपाली म्हणाली. त्यांना कळलं नाही. तेव्हा तिने छाती भरून घेतली आणि सगळ्या बाजारपेठेला ऐकू जाईल अशी ओरडली, "कान. डोकं नाई, कान."

बबनराव दचकले. मग त्यांचा चेहरा असा सैल झाला, जशी ओझ्याची पाटी कोणी दोन्ही हातांनी उतरवून घ्यावी. "शकू अशीच बोले," ते म्हणाले. "तिचं सारं समजे मले."

रुपालीला आठवला शकुबाईंचा आवाज. गल्ली त्यांना भांडकुदळ म्हणायची, आणि ती स्वतःही मनातून तेच म्हणायची. त्या नवऱ्याला चहा घ्या म्हणायच्या तरी भांडण वाटायचं. आल्यागेल्याचं बोलणं पुन्हा ओरडून सांगायच्या, तेव्हा वाटायचं, काय ही बाई, सगळ्यांत हिचा वरचा सूर. त्यांना नवऱ्याच्या कानांचं माहीत होतं, की नुसती सवय लागली होती? ते आता विचारायला कोणी नव्हतं.

यवतमाळला वेगळ्याच डॉक्टरकडे जावं लागलं. कानांच्या. त्या डॉक्टर बाईंनी सांगितलं, चक्कीच्या आवाजानं नसा झिजल्या आहेत, बऱ्याच वर्षांपासून. डोकं ठणठणीत आहे. अमरनं ते पुन्हा एकदा विचारून घेतलं. परतीच्या एसटीत तो आपल्याच डिपोच्या कंडक्टरजवळ उगाच मोठमोठ्यानं हसला आणि सगळ्यांसाठी संत्री घेतली. नवं कुलूप सुरभीच्या सायकलला लागलं.

कानात मशीन आलं तेव्हा बबनरावांनी बोलका उंट्या मन लावून ऐकला, अगदी शेवटपर्यंत. मग म्हणाले, "ऐकू येत नव्हतं म्हनून मी उगाच वाईट वाटून घेतलं, सुरभी. काहीच हुकलं नव्हतं माझं." सुरभीनं रिमोट घेऊन आवाज शून्यावर आणला. उंट्या पुन्हा रवंथ करू लागला, आणि पडायच्या आधी, तोंड हलवत का होईना, थांबला. दोघं हसले.

त्यानंतरच्या एका दुपारी बबनराव जेवायला आले नाहीत, म्हणून रुपाली डबा घेऊन गेली. लाईन गेलेली होती. ते पाठमोरे बसून चाळणीची तार बांधत होते. मधल्या दिवसांत तिला ओरडून बोलायची सवय लागली होती. त्यांच्या कानातल्या मशीनचं भान राहिलं नाही. दारातूनच ती ओरडली, "जेवता का नाई?"

बबनराव झटकन वळले. त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलंच नाही. तिच्यामागे, दाराबाहेर पाहिलं. कोणीतरी यायचं होतं आणि आलं, असं ते पाहणं होतं. क्षणभर ते तसेच थांबले.

मग त्यांना रुपाली दिसली. त्यांनी पिठानं माखलेला हात वर केला आणि अंगठा-बोटाची चिमूट हळूहळू चोळली.

बारीक, सूनबाई. जरा बारीक.