दोरीपलीकडची तिपाई

मी एक जुनी तिपाई आहे. झुंबरं, पुतळे आणि भिंतभर चित्रं असलेल्या या संग्रहालयात माझं काय काम, असं तुम्हाला वाटेल. मित्रांनो, मलाही तेच वाटतं.

एका सुताराने मला आपल्या मुलीसाठी घडवलं. एक पाय जरा आखूड झाला, तेव्हा तो हसून म्हणाला, "खाली कागदाची घडी घाल, पोरी." पुढे ती या बड्या घरात स्वयंपाकाला लागली आणि तिच्याबरोबर मीही आले. चाळीस वर्षं तिने माझ्यावर बसून भाज्या निवडल्या. सगळे तिला मावशी म्हणत.

मालकांना चित्रांचं भारी वेड. आजारपणात त्यांनी पलंगही चित्रांच्या दालनात हलवून घेतला. एका दुपारी मावशी मला उशाशी ठेवून त्यांना भरवत होती. दोन घास झाले आणि मालकांनी मान टाकली. मावशी डॉक्टरांकडे धावली, मी तिथेच राहिले आणि तिथेच माझं नशीब फुटलं.

कारण मालकांनी मृत्युपत्रात लिहिलं होतं, "घर लोकांसाठी खुलं करा, आणि माझ्या शेवटच्या दिवशी जे जिथे असेल, तिथून ते तसूभरही हलवू नका." मला क्रमांक मिळाला, दोरी लागली आणि पाटी आली, 'मालकांचे आवडते आसन'. मालक माझ्यावर एकदाही बसले नव्हते हो! पायाखालची घडी मात्र कचरा म्हणून झाडून नेली.

मावशी मला न्यायला आली. व्यवस्थापक भला माणूस. म्हणाला, "मावशी, मला कळतं. पण तुमची असल्याचा काही कागद आहे का?"

"बाप लेकीला पावती देतो का रे?"

त्याने मृत्युपत्राची प्रत तिच्यापुढे धरली. मला तोंड असतं तर मीच साक्ष दिली असती.

काल मावशी तिकीट काढून आली. आता तिचे गुडघे साथ देत नाहीत. दोरीशी उभी राहून ती पुटपुटली, "कललेलीच आहेस गं अजून." मग तिने तिकिटाची चौघडी केली आणि वाकून हात पुढे केला.

"आजी, हात लावायचा नाही. बसायला बाहेर बाक आहे," पहारेकरी म्हणाला.

मित्रांनो, वस्तू जरूर जपा. पण दोरी बांधण्याआधी ती कुणाची, एवढं तरी विचारा. मावशी ती घडी मुठीत धरून बाहेरच्या बाकाकडे गेली.