कानातलं वर लोंबतं का?

मी रॉड बोलतोय. दचकून मागे सरू नका. रॉड म्हटलं की तुम्हाला भांडणातली लोखंडी सळई आठवते, हा तुमच्या सवयीचा दोष, माझा नव्हे. मी मासे पकडायचा रॉड. सात फूट लांब, दोन तुकड्यांचा, अंगाने काळा, दोन बोटांवर तोलावा इतका हलका. आजवर मी कुणाचं डोकं फोडलेलं नाही. फोडावंसं मात्र पुष्कळदा वाटलं आहे.

जन्म कारखान्यातला. कार्बनचं पातळ कापड एका दांड्याभोवती घट्ट गुंडाळलं, भट्टीत भाजलं, दांडा ओढून काढला आणि उरलो तो मी. मग माझ्या अंगावर दोऱ्याने कड्या बांधल्या. गळाची दोरी या कड्यांतून धावते. बुंध्याशी माझी कुंडली छापली: लांबी किती, दोरी केवढ्या ताकदीची, गळाला वजन किती झेपेल. होडीतून, खाऱ्या पाण्यात, हलकं-भारी कुठलंही काम. कड्या न गंजणाऱ्या. इतकं स्वच्छ लिहिलेलं, पण वाचणारा माणूस दोन वर्षं भेटला नाही.

ती दोन वर्षं मी डोंबिवलीत, मुकुलशेठच्या खेळाच्या सामानाच्या दुकानात काढली. एका बाजूला कॅरम बोर्ड, दुसऱ्या बाजूला रॅकेटी. मुकुलशेठ माणूस सज्जन, पण मासा त्यांनी पाहिला तो ताटातच. वरच्या फळीवरचा फुटबॉल पाडायला ते मला घ्यायचे. दिवाळीआधी जळमटं काढायलाही मीच. आणि गिऱ्हाईक आलं की प्रश्न ठरलेला, "सगळ्यात लांब कुठला?" लगेच दहा फुटी लाल रॉड पुढे. अहो, किनाऱ्यावर उभं राहून लांब फेकायचं असेल तर दहा फूट ठीक. होडीत तो फिरवलात तर मासा राहील बाजूला, शेजाऱ्याची टोपी तेवढी पाण्यात जाईल. पण हे सांगणार कोण? सांगणं ज्यांचं काम, त्यांनाच ठाऊक नव्हतं.

मग एका गुरुवारी समृद्धी आली. कल्याणच्या एका लॅबमध्ये कामाला असलेली, चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी. तिने पर्समधून सुतळी काढून काउंटरवर पसरली. सुतळीला दोन गाठी.

"ही आमची होडी," ती म्हणाली. "या गाठीवर आबा बसणार, या गाठीवर मी. मधे फिरवता येईल असा दाखवा."

"मॅडम, हा दहा फुटी घ्या ना. सगळे हाच नेतात."

"सगळे होडीतून जातात?"

"ते काय मी विचारत नाही."

"विचारत जा की. कपडे विकताना माप घेतातच ना?"

मला तेव्हाच ती आवडली. तिने मला उतरवलं, धूळ पुसली आणि कुंडली वाचली. सगळी. मग माझ्यातून दोरी ओवून टोकाला आपली पाण्याची बाटली बांधली आणि हळूच उचलली. माझा शेंडा वाकला, बुंधा जागचा हलला नाही.

"शेंडा नरम, बुंधा कडक," ती म्हणाली. "मासा नुसता हुंगून गेला तरी कळेल, आणि मोठा लागला तर हा कच खाणार नाही."

"पण एकच? लोक छोट्याला वेगळा, मोठ्याला वेगळा नेतात."

"एक होडी, एक म्हातारा. एकच पुरला पाहिजे."

रीळ, म्हणजे दोरी गुंडाळायचं चाक, तिने मधल्या आकाराचं घेतलं आणि त्याची मूठ उजवीकडे बसवून घेतली. "आबांचा उजवा खांदा गेलाय. वजन डाव्या हातात राहू दे."

दिवा स्टेशनापलीकडच्या त्यांच्या गावात पोचल्यावर मला खरा प्रकार कळला. समृद्धीचे आबा, नाथा, आयुष्यभर खाडीत पाग टाकत आलेले. पाग म्हणजे हाताने भिरकवायचं गोल जाळं. तीन महिन्यांपूर्वी खांदा निखळला आणि पाग सुटला. तेव्हापासून होडी काठावर आणि म्हातारा ओटीवर, दोघंही पालथे. होडीचं नाव रमाबाई, त्यांच्या आईचं. आणि ही रमाबाई त्यांनी टिटवाळ्याच्या एका रिसॉर्टवाल्याला, हितेशला, देऊ केली होती. रविवारी टेम्पो येणार होता. हितेश तिला हिरवळीवर ठेवून तिच्यात सॅलड मांडणार होता. सॅलड! जिने भरतीच्या छातीवर पाय देऊन घर चालवलं, तिच्या पोटात काकडीचे काप!

"शनिवारी एक फेरी," समृद्धी आजोबांना म्हणाली. "नाही जमलं तर मी स्वतः होडी टेम्पोत चढवून देते."

"या छडीनं?" नाथांनी मला खालीवर न्याहाळलं. "छडीनं मासं नाय, पोरं मारतात."

शनिवारी खाडीला नारळ वाहिला आणि निघालो. समृद्धी मशिनीवर, म्हणजे होडीच्या इंजिनावर. गाठी दोघांच्या, पण बसले तिघं. नाथांची बायको आवडाबाई हट्टाने आली. "यो पान्यात परला तर बगायला कोन?"

ओहोटीबरोबर घोडबंदरच्या बाजूला उतरलो. पाणी खारट, रुंद. गळाला कोळंबी लावली आणि नाथांनी मला हातात घेतलं. उलटं. चाक वर, कड्या वर.

"आबा, चाक खाली."

"खाली धरलं तर दिसंल कसं? मना खाडी शिकवतेस?"

उलटं धरल्यावर मूठ गेली डावीकडे आणि मी आख्खा आलो त्या दुखऱ्या खांद्यावर. पहिला मासा लागला. ते मूठ पुढे फिरवत, पण उलट्या चाकाची मूठ पुढे फिरेना. खांद्यात कळ आली, दोरी सैल पडली, मासा गेला. मला तोंड असतं तर तेव्हाच ओरडलो असतो.

नाथांनी मला फळीवर ठेवलं आणि पाण्याकडे बघत राहिले. "नेऊ दे त्या हितेशला," ते म्हणाले. "मनापन ने म्हनावं. काकरी वाढीन."

 समृद्धीने मशिनीच्या दोरीला हात घातला. परतायचं, दुसरं काय.

तेवढ्यात आवडाबाईंनी मला उचललं, इकडून तिकडून पाहिलं. "अवो, यो उलटा हाय."

"तुला गो काय कलतं त्यातलं?"

"माज्या कानात बगा. कानातलं वर लोंबतं का खाली?"

"खाली."

"मंग या कड्या आभालाकडं कशाला टांगल्यात?"

नाथांनी आधी बायकोच्या कानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. समृद्धीने तोंड फिरवलं, पण तिचे खांदे हलत होते.

मला सुलटं केलं. आता मी डाव्या, धडधाकट हातात. उजवा हात पोटाशी, नुसती मूठ फिरवायला; खांद्याला काम नाही. दोरीवर त्यांनी एक बोट ठेवलं, आणि त्या क्षणी मला समजलं की इतका जाणता हात मला पुन्हा मिळायचा नाही. माझ्या शेंड्याने थरथर सांगायच्या आधी त्यांच्या बोटाला ती कळली होती.

"हुंगतोय," ते पुटपुटले. "थांब. थांब... घे."

मी धनुष्यासारखा वाकलो. बाटली उचलणं वेगळं, हे वेगळं. माझी सगळी कुंडली पणाला लागली. पंधरा मिनिटांनी होडीत आला तो जिताडा, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत भरेल एवढा. नाथा हसले नाहीत. फक्त म्हणाले, "बाय, मशीन नको चालू करू. पानी हाय अजून."

रविवारी टेम्पो आला. हितेश कळवळून म्हणाला, "काका, शब्द दिलेला ना तुम्ही?"

"दिलेला. तवा मी म्हातारा होतो."

"अहो, मग मी सॅलड कशात ठेवू?"

"परातीत," आवडाबाई म्हणाल्या. "आमच्याकडं लग्नातली मोठी परात हाय. ने."

आणि तो खरंच परात घेऊन गेला.

आता मी ओटीवर, जुन्या पागाच्या शेजारी आडवा असतो. अंगावर चार ओरखडे आहेत, जळमट एकही नाही. फेरीहून आलं की आवडाबाई मला गोड्या पाण्याने धुतात. खारं पाणी अंगावर वाळू दिलं तर माझ्यासारख्याचंही वाटोळं होतं. तुम्ही रॉड घ्यायला जाल, तेव्हा रंग आणि लांबी बघून भुलू नका. आधी आपली होडी मापा, आपला खांदा मापा, आणि बुंध्याशी लिहिलेलं वाचा. आम्ही दुसरं काही मागत नाही.

बाकी सवय वाईट. नाथा अजूनही घाईत मला उलटं धरतात. आवडाबाई नुसत्या आपल्या कानातल्याला हात लावतात, आणि मी सुलटा होतो.