टोकाच्या गल्लीचं पाणी

भिकन याकोब सोनवणे यांनी पानथडी गावाला एकोणतीस वर्षं पाणी सोडलं. शिंदखेड्याहून तापीच्या दिशेनं निघालं की अगदी काठावर हे गाव लागतं. ग्रामपंचायतीच्या टाकीचं कुलूप, रस्त्यातल्या लोखंडी झाकणांखालचे वॉल, कुठल्या गल्लीची पाळी कधी आणि किती वेळ, हे सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. लोक त्यांना वॉलमन नानाच म्हणत. साठी झाली तसे ते निवृत्त झाले आणि कुंदन नावाचा तिशीचा गडी त्यांच्या जागी लागला. त्याला महिनाभर सोबत हिंडवून नानांनी सगळं शिकवलं होतं.

सोनवणे घराणं आजोबांपासून ख्रिस्ती. गावातली मंडळी लहान, तीस-पस्तीस घरांची. या मंडळीत तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नसत. माणसानं मोठं व्हावं, आपल्या तोंडानं विश्वास कबूल करावा, मग तापीत उतरून डोक्यावरून पाणी जाईपर्यंत खाली जावं आणि वर यावं, अशी रीत. नानांच्या बायकोचा, सुनंदाबाईंचा बाप्तिस्मा लग्नाआधीच झाला होता. मुलगी रूपा अठराव्या वर्षी नदीत उतरली. नाना मात्र एकसष्टाव्या वर्षीही कोरडेच होते. दरवर्षी ईस्टरनंतर नावं विचारली जात तेव्हा ते मागच्या बाकावर खाली मान घालून बसत.

"जन्म पाण्यात गेला आणि पाण्यालाच भितात," असं लोक हसून म्हणत. नानाही त्यांच्याबरोबर हसत. सोपं पडायचं ते.

खरं कारण वेगळंच होतं. गावाच्या वरच्या अंगाला, चढावर, टोकाची गल्ली होती. तिला चार दिवसांआड एक तास पाणी मिळायचं, सकाळी नऊ ते दहा. चढामुळे शेवटच्या घरांत पाणी पोचायलाच अर्धा तास लागे. पण पावणेदहाला शाळेची घंटा व्हायची आणि नाना त्याच सुमारास त्या वॉलजवळून घराकडे निघालेले असत. दहाला बंद करायचा म्हणजे पुन्हा चढ चढून यायचं. म्हणून घंटा झाली की ते वॉल बंद करून टाकत. बायका तक्रार करायच्या. "प्रेशरच नाही," नाना सांगायचे.

चौदा वर्षांपूर्वी, मे महिन्यात, अमळनेरला मंडळ्यांचं मोठं संमेलन होतं. साडेनऊची एस.टी. गाठायची म्हणून त्या दिवशी त्यांनी वॉल वीस मिनिटांतच फिरवला. शेवटच्या घरांपर्यंत थेंबही गेला नाही. दिवसभर नाना आणि सुनंदाबाई मांडवात गाणी म्हणत बसले. संध्याकाळी परत आले तर कळलं की टोकाच्या गल्लीतल्या पुष्पाबाई पाटील हंडा घेऊन नदीवर गेल्या होत्या, दरडीवरून घसरल्या आणि उजवा हात मोडला. चार माणसांबरोबर नानाही भेटायला गेले. पुष्पाबाईंनी विचारलं, "भाऊ, आज पानी का नही उनं?"

"लाईट गेली होती, अक्का," नाना म्हणाले.

हात जुळला, पण वाकडा. नानांनी महिनाभर त्या गल्लीला पूर्ण तास पाणी सोडलं. मग हळूहळू पुन्हा घंटेवर बंद. आणि बाप्तिस्म्यासाठी नाव द्यायचं मनात आलं की ते "लाईट गेली होती" आठवायचं, की नाव ओठांतच राहायचं.

या वर्षी मंडळीत नवे पास्टर आले होते, ललित नावाचे, नानांच्या रूपाच्या वयाचे. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी ते सहज चहाला आले. सुनंदाबाई आत पोळ्या करत होत्या. पास्टरांनी विचारलंसुद्धा नव्हतं, पण नानांनीच पेला खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. घंटा, एस.टी., वाकडा हात, सगळं. आत लाटण्याचा आवाज थांबला होता.

पास्टरांनीही आपला पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "भाऊ, देव क्षमा करतो हे तुम्हाला मी नव्यानं काय सांगू? पण नदीतलं पाणी काही जादूचं नाही. जुनं आयुष्य तिथं खाली ठेवायचं आणि नवं घेऊन वर यायचं, त्याची ती खूण. खाली ठेवायचं ते आधी हातात तरी घ्यायला हवं ना?"

"म्हणजे त्या गल्लीत जायचं."

"ते मी नाही म्हटलं. तुम्हीच म्हणालात."

पास्टर गेल्यावर सुनंदाबाई पिठाचे हात घेऊन दारात उभ्या राहिल्या. "त्या दिवशी मी केवढ्यानं गात होते हो," एवढंच त्या म्हणाल्या. रात्री त्या जेवल्या नाहीत. सकाळी मात्र त्यांनी नानांचा धुतलेला सदरा काढून ठेवला आणि म्हणाल्या, "मी येते सोबत."

पुष्पाबाई ओट्यावर डाळ निवडत बसल्या होत्या. सत्तरीला आल्या होत्या.

"ये भाऊ, बस. आज इकडे कसा काय?"

"अक्का, एक गोट सांगनी शे," नाना म्हणाले आणि उभ्यानंच सांगितलं. बसायचं धैर्य झालं नाही.

पुष्पाबाई ऐकत होत्या. नानांना वाटलं, आता हाताचं बोलतील. पण त्यांनी शेजारच्या घराकडे पाहिलं. तिथं त्यांची जाऊ भिकुबाई राहायची.

"मी हिनासंगे बारा वरीस बोलनू नही," त्या म्हणाल्या. "माले वाटे, हाईच बठ्ठं पानी भरी लेस. हिनं घर आधी, मन्हं मागे. हिन्या पोरीनं लगीन व्हतं, तरी मी गऊ नही."

नानांना हे ठाऊकच नव्हतं. हात त्यांनी रोज पाहिला होता, पण या दोन दारांमधली भिंत त्यांना कधी दिसली नव्हती.

"माले एकलीले सांगू नको," पुष्पाबाई सूप बाजूला सारत उठल्या. "बठ्ठास्ना समोर सांग."

आणि त्यांनी सगळ्या गल्लीला हाक मारली. बायका जमल्या, भिकुबाईही येऊन दूर उभी राहिली. नानांनी पुन्हा सगळं सांगितलं. कुणी शिव्या दिल्या. कुणी डोक्यावरून हंडे वाहिलेली वर्षं मोजून दाखवली. एक म्हातारी काहीच न बोलता उठून घरात गेली, तेच नानांना सर्वांत लागलं. सुनंदाबाई शेजारी उभ्या होत्या, तेवढाच काय तो आधार.

शेवटी भिकुबाई पुढं आली. "आते सांगीसन काय व्हई? तू तर घर बसना. पानी आज भी तितलंच येस."

नाना चमकले. "आजही?"

"आज भी. शाळानी घंटा व्हयनी का बंद."

नाना तसेच कुंदनकडे गेले. तो टाकीखाली मोटार सुरू करत होता. नानांनी विचारलं तसा तो गोंधळून म्हणाला, "नाना, तुम्हीच तर शिकवलं. घंटा झाली की टोकाचा वॉल बंद करायचा. मला वाटलं, टाकीचा तेवढाच हिशोब असेल."

नाना टाकीच्या पायरीवर बसले. वर्षापूर्वीच सुटलो असं त्यांना वाटत होतं, आणि त्यांचा आळस दुसऱ्याच्या हातानं दर पाळीला तसाच चालू होता. त्या पोराला तर त्यात काही चूकही दिसली नव्हती. त्यांनी कुंदनला सगळं सांगितलं. मग म्हणाले, "शनिवारी टोकाची पाळी. मी येतो. आणि सरपंचांना सांगू, वरच्या गल्लीला एक तास पुरत नाही, चढ आहे, सव्वा तास लावून घेऊ."

"सरपंच विचारतील, इतकी वर्षं का नाही सांगितलं?"

"विचारू दे. सांगेन मी."

सरपंचांनी विचारलं. नानांनी सांगितलं. सरपंच रागावले, मग हसले, मग सव्वा तासाचा कागद करून दिला.

शनिवारी पावणेदहाची घंटा झाली. कुंदन आणि नाना वॉलजवळ उभे होते, दोघांनीही हात लावला नाही. वरून बायकांचा गलका ऐकू येत होता. दहा वाजले. सव्वादहाला कुंदननं वॉल फिरवला आणि नाना चढ चढून वर गेले. भिकुबाईच्या दारातला ड्रम केव्हाच भरला होता. तिनं नळाची नळी भिंतीवरून पलीकडे, पुष्पाबाईंच्या ड्रममध्ये टाकली होती. दोघी बोलत नव्हत्या. पण पुष्पाबाईंनी ती नळी डाव्या हातानं धरली होती आणि पाणी संपल्यावर गुंडाळून परत दिली. नाना तसेच माघारी फिरले.

दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी मंडळी नदीवर जमली. खालच्या धरणाचं पाणी अडवलेलं असल्यानं एप्रिलातही तापी भरलेली होती. चार जण बाप्तिस्मा घेणार होते, तीन कॉलेजातली मुलं आणि या वर्षी अखेर नाव दिलेले नाना. रीतीप्रमाणे प्रत्येकानं काठावर उभं राहून आपली साक्ष द्यायची होती. मुलांचं झालं. नाना म्हणाले, "माझं टोकाच्या गल्लीत सांगून झालंय. इथं एवढंच सांगतो, की प्रभूनं मला तिथं जायची ताकद दिली. नाहीतर मी गेलो नसतो."

पास्टर कमरेइतक्या पाण्यात उभे होते. नाना उतरले. चिखल पायाखाली मऊ लागला. पास्टरांनी एक हात पाठीला लावला, दुसरा छातीवर, प्रभूचं नाव घेतलं, आणि नाना मागं झुकले. पाणी कानांवरून, डोळ्यांवरून गेलं. एकोणतीस वर्षं त्यांनी पाण्याला उघडबंद केलं होतं. आता पाण्यानं त्यांना सगळीकडून धरलं होतं आणि त्यांच्या हातात काही म्हणजे काही नव्हतं. भीती वाटली नाही. हलकं वाटलं, लहानपणी ताप उतरल्यावर सकाळी वाटायचं तसं.

वर आले तेव्हा आधी ऊन दिसलं, मग गाणं ऐकू आलं, सुनंदाबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर. आणि त्यातच काठावरच्या बाभळीखालून हाक आली, "भाऊ, भलताच येळ पान्यामा ऱ्हायना तू! आम्हले वाटनं, बुडना!"

पुष्पाबाई होत्या. शेजारी भिकुबाई, पदर तोंडाला लावून हसत. दोघी कुणाच्या लग्नाला यावं तशा नवी लुगडी नेसून आल्या होत्या.

नाना पाण्यात उभ्याउभ्या हसले आणि हसताहसता रडायला लागले. पास्टरांनी त्यांचा दंड धरून त्यांना काठावर आणलं. सुनंदाबाईंनी टॉवेल टाकला. दगडांच्या चुलीवर खिचडी शिजली होती, तिचा वास सुटला होता.

"अक्का, जेवून जा," सुनंदाबाई म्हणाल्या.

"जेवसूत ना," पुष्पाबाई म्हणाल्या आणि भिकुबाईला सतरंजीवर जागा करून दिली.