शेपूट नसलेली तार

तार बोटभर लांबीची, करडी, आणि इतकी नीट वाकवलेली की पाहणाऱ्याला वाटावं, पॅनेल बनवतानाच बसवली असेल. दोन स्क्रूंच्या मध्ये ती निमूट बसली होती. भट्टीवर काम करणाऱ्या त्या बाईला पॅनेलचं दार उघडायची परवानगी होती ती एका बटणापुरती — भट्टीच्या पंख्याची मोटर तापून बंद पडली की आतलं निळं बटण दाबायचं, दार लावायचं आणि पुन्हा भट्टीच्या तोंडाशी जाऊन उभं राहायचं. बटण दाबून झालं होतं, पंखा घुमायला लागला होता. तरी ती दाराला धरून तशीच उभी राहिली, कारण ते वळण... टोकाशी नखाएवढा गोल करून मग तार स्क्रूखाली सरकवायची ही सवय या शेडमध्ये एकाच माणसाची होती, आणि त्या माणसाचे शर्ट ती रोज सकाळी दोरीवर वाळत घालत होती.

शेडमध्ये त्याला सगळे डॉक्टर म्हणत. बिघडलेलं यंत्र त्याला पाहूनच अर्धं बरं होतं, असं रंगखात्यातल्या मावशी म्हणायच्या, आणि बायको म्हणून तिला ते ऐकायला बरं वाटायचं, खोटं कशाला बोला. ही भट्टी त्यानंच तिला समजावून दिली होती, लग्नाच्याही आधी, याच पॅनेलसमोर. वरचा मीटर रोजचा. तापमान वाढलं की हीटर बंद कर, उतरलं की चालू कर, दिवसभर तेच. खालचा मीटर मात्र काहीच करत नाही. तो नुसता बघत बसतो. पण ज्या दिवशी वरच्याचा ताबा सुटेल, त्या दिवशी यानं उठायचं आणि मोठा कॉन्टॅक्टर, म्हणजे आपोआप पडणारा खटका, खट्कन पाडून हीटरची सगळी वीज तोडायची.

‘म्हणजे सुपरवायझरसारखाच की,’ ती म्हणाली होती.

‘सुपरवायझर त्या दिवशीही उठायचा नाही,’ तो म्हणाला होता, आणि ती इतकी हसली होती की हातातला हातमोजा खाली पडला. माणूस आवडायला एवढंसं पुरतं त्या वयात.

करडी तार त्या खालच्या मीटरच्याच दोन टोकांवर होती. म्हणजे त्यानं कितीही आरडाओरडा केला तरी पुढे जाणार नाही. बघ तू, बघत बैस — तुझं ऐकणारं आता कुणी नाही.

आणि शेपूट नव्हतं. तिनं पुन्हा वाकून पाहिलं, तारांच्या जुडीमागे, दाराच्या कडेला. शेपटाचा नियम त्याचाच. कधी अडीनडीला एखादं संरक्षण बाजूला ठेवावंच लागलं, तर तार लाल घ्यायची आणि हातभर लांब, दाराबाहेर लोंबेल अशी. दार लागताच कामा नये. येणाऱ्याजाणाऱ्यानं विचारलं पाहिजे, हे शेपूट कशाचं, कधी काढणार. नव्या फिटरनं एकदा आखूड तार लावली तेव्हा डॉक्टरनं त्याला सगळ्यांसमोर असा झापला की बिचारा जेवायला बसला नाही. तोच माणूस... करडी तार, करड्या तारांमध्ये... आणि दार कसं छान लागत होतं.

तिनं दार लावलं.

मीच म्हटलं होतं ना त्याला? गेला महिनाभर रोज दुपारी खालचा मीटर भट्टी पाडायचा, हीटरची वीजच तोडायचा. अर्धवट भाजलेला रंग, चिकट झालेले पत्रे, सुपरवायझर डोक्यावर. घरी जाऊन मी तेच दळण दळायचे — तुझ्या त्या भट्टीनं जीव खाल्लाय माझा, कर ना काहीतरी. त्यानं केलं. भट्टी पडायची थांबली आणि मी त्याच्या पाठीवर थाप मारली. मग आता कशाला भीती वाटतेय? पत्रे चांगले निघतायत. मावशी खूश आहेत. सुपरवायझर चक्क हसला परवा.

जेवणाच्या सुट्टीत ते दोघं नेहमीसारखे पंपाच्या खोलीमागच्या बाकावर बसले. त्यानं डब्याचं झाकण उघडून तिच्याकडे सरकवलं, हात पुसले, आणि भट्टीच्या दिशेनं मान उडवली.

‘काय म्हणतेय तुझी सवत? पडली नाही ना आज?’

‘नाही.’

‘बघ. उगाच पडत होती. खालचा मीटर नाजूक झालाय.’

‘बदललास?’

त्यानं पुढचा घास मोडला. ‘बघितलं मी ते,’ म्हणाला. ‘तू नको काळजी करूस.’

बघितलं. हा शब्द तिच्या ओळखीचा होता. लेक शिकायला परगावी गेली आणि तिचे फोन येईनासे झाले, तेव्हाही तो असंच म्हणाला होता — बघतो मी. आणि काय आश्चर्य, दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी फोन. जेवलीस का आई, हो, तू जेवलीस का, हो. आवाजात काही नाही. वेळेवर येणारा, नीट बसवलेला आवाज. मग सुट्टीत आलेली लेक एकदा रागाच्या भरात बोलून गेली की बाबांनी सांगितलंय म्हणून करते मी फोन. तिचं काय बिनसलं होतं, आईवर कशाचा राग होता, ते आजवर कुणी विचारलं नाही. तिनं स्वतःही नाही. कुरकुर थांबली होती ना, मग झालं तर. तिनं घास गिळला. शेजारी तो निवांत जेवत होता, आणि तिला त्याच्याबद्दल इतकी माया आली आणि इतका संताप आला की दोन्हीतलं कुठलं आधी आलं, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं. या माणसाला माझा त्रास बघवत नाही. खरंच बघवत नाही — म्हणून तो बघतच नाही.

विचारावं? विचारलं तर तार निघणार, भट्टी पुन्हा पडणार, सुपरवायझर कारण शोधणार आणि बोट डॉक्टरकडे जाणार. विजेच्या कामाचा त्याचा परवाना एकदा गेला की कुणी दारात उभं करत नाही. ती डबा आवरू लागली.

दुपारी मावशी पत्र्यांची गाडी ढकलत भट्टीपाशी आल्या. ‘ताई, आज झळ जरा जास्तच लागतेय गं,’ पदरानं मान पुसत म्हणाल्या आणि रोजच्यासारख्या भट्टीच्या दाराच्या अगदी पुढ्यात उभ्या राहिल्या.

तिची नजर पॅनेलवर गेली. वरच्या मीटरचा आकडा ठरवलेल्याच्या पुढे गेला होता. हीटरचा दिवा विझलेला — वरचा मीटर आपलं काम करत होता, बंद कर म्हणून सांगत होता. पण हीटरला किती वीज जातेय ते दाखवणारा काटा... दिवा विझला की काटा शून्यावर यायला हवा. तो मध्येच अडून राहिला होता. हीटर चालूच होता. मीटरचं ऐकून हीटरची वीज चालू-बंद करणारा मधला इलेक्ट्रॉनिक रिले तापला की चिकटतोय. सकाळी गार असताना ठीक, दुपारी नाही. दुपारी! म्हणजे महिनाभर खालचा मीटर जे पाडत होता ते उगाच नव्हतं. तो खरं सांगत होता. रोज, वेळेवर, अगदी खरं... आणि आम्ही दोघांनी मिळून त्याचं तोंड बंद केलं, मी कटकट करून आणि त्यानं माया करून.

‘मावशी, मागे व्हा.’

‘का गं?’

‘व्हा तर.’

तिनं हीटरचा मुख्य खटका फिरवला. खट् — मोठा कॉन्टॅक्टर पडला, काटा खाली आला, आणि पंख्याची घरघर तेवढी उरली. इतकं सोपं होतं. सकाळपासून इतकंच सोपं होतं, आणि मी परवान्याचा हिशेब करत डबा आवरत होते.

भिंतीवर त्याची पिशवी टांगलेली होती. तिनं लाल तारेचं भेंडोळं काढलं, हातभर तोडलं, आणि पॅनेलचं दार उघडून त्याचं एक टोक वळवून दाराच्या फटीत अडकवलं. कशालाच जोडलं नाही. करड्या तारेला हातही लावला नाही. ते त्याचं काम. दार आता लागत नव्हतं, लाल शेपूट बाहेर लोंबत होतं.

भट्टीचा आवाज बदलला की त्याला शेडच्या दुसऱ्या टोकालाही कळतं. तो येताना दिसला — आधी झपाझप, हातात पक्कड, कपाळाला ती नेहमीची काळजीची आठी. मग त्याला शेपूट दिसलं असावं. चाल मंदावली. पक्कड धरलेला हात हळूहळू खाली आला.

मावशी काहीतरी विचारत होत्या. तिला ऐकू येत नव्हतं. सकाळपासून वाटत होती ती भीती भट्टीची नव्हती, हे तिला आत्ता कळलं. तो आता येईल, ‘बघतो मी’ म्हणेल, आणि आपण पुन्हा बाजूला होऊन त्याला जागा करून देऊ, याची होती. काय बोलायचं ते तिनं ठरवलं नव्हतं. परवान्याचं काय होणार, लेकीला आज संध्याकाळी काय विचारायचं, तेही नाही. तो अगदी जवळ आला तेव्हा तिला एवढंच कळलं की आपण पॅनेलच्या आणि त्याच्या मध्ये उभ्या आहोत, आणि बाजूला व्हावंसं मुळीच वाटत नाही.